एकोणीस इंचांची सोबत

जुन्या मोटारसायकलीजवळ थांबणाऱ्या माणसाची नजर आधी टाकीच्या रंगाकडे जाते, मग इंजिनाकडे, मग हँडलच्या आणि सायलेन्सरच्या क्रोमकडे. चाकांपर्यंत ती पोहोचते तेव्हा कौतुकाचे बहुतेक शब्द खर्चून झालेले असतात. टायर हा पाहण्याचा भाग मानला जात नाही. काळा, धुळीने माखलेला, सदैव जमिनीला टेकलेला हा भाग गाडीला असणारच असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. मात्र ज्याला ती गाडी रस्त्यावर आणायची असते त्याला सर्वांत आधी खाली वाकावे लागते, टायरच्या बाजूच्या भिंतीवरची माती अंगठ्याने पुसावी लागते आणि तिच्यावर उठावाने उमटवलेले आकडे वाचावे लागतात. त्या आकड्यांच्या आजूबाजूला बारीक भेगांचे जाळे दिसू लागले असेल, तर टाकीचा रंग कितीही झळाळत असला तरी त्या गाडीचे चालणे तूर्त थांबले आहे असे समजावे.

भारतातल्या जुन्या बुलेटच्या टायरवर ‘३.२५-१९’ असे लिहिलेले आढळते. यांतला पहिला आकडा टायरच्या छेदाची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा आकडा, ज्या रिमवर तो टायर चढायचा आहे तिचा व्यास सांगतो. टायरच्या दोन्ही आतल्या कडांत पोलादी तारेचे एकेक कडे पुरलेले असते, त्याला बीड म्हणतात. हे कडे ताणले जात नाही, आणि म्हणूनच ते रिमच्या खाचेत घट्ट बसून आतल्या हवेचा दाब सोसू शकते. रुंदीच्या बाबतीत थोडी देवाणघेवाण चालते, व्यासाच्या बाबतीत ती अजिबात चालत नाही, कारण १८ इंची टायर १९ इंची रिमवर चढत नाही आणि १९ इंची टायर १८ इंची रिमवर टिकत नाही. जुन्या गाडीचे इतर पुष्कळसे भाग माणसाच्या कसबाला वश असतात: झिजलेला बुश लेथवर नव्याने कातता येतो, सिलिंडरला स्लीव्ह घालता येते, तुटलेला ब्रॅकेट वेल्डिंगने सांधता येतो, सीटला नवे रेक्झिन शिवता येते. पुणे, कोल्हापूर, सांगली अशा गावांतल्या कारागिरांनी कितीतरी गाड्या याच बळावर पुन्हा उभ्या केल्या आहेत. टायर मात्र कोणत्याही गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बनत नाही. त्याला साचा लागतो, प्रेस लागते, वाफ लागते, गंधक आणि काजळी यांचे मोजून केलेले मिश्रण लागते, दोऱ्यांचे थर लागतात. थोडक्यात, त्याला कारखाना लागतो. त्यामुळे जुन्या गाडीची सारी दुरुस्ती एका माणसाच्या चिकाटीवर भागत असली, तरी तिचे टायर मिळणे हे दूरच्या एखाद्या कारखान्याने ते माप अजून काढायचे ठरवले आहे की नाही, यावर अवलंबून राहते.

मापांच्या या भाषेलाही स्वतःचा इतिहास आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, पण ती कल्पना काळाच्या फार पुढची ठरून विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने साकारली, आणि मग ती मागे हटली नाही. सुरुवातीच्या मोटारसायकलींचे टायर बहुधा ‘बीडेड एज’ प्रकारचे असत. म्हणजे त्यांच्या कडांत तारेचे कडे नसे, रबराचाच एक आकडा रिमच्या वळवलेल्या काठात अडकवला जाई आणि आतल्या हवेच्या दाबामुळे तो तिथे टिकून राही. हवा अचानक गेली तर असा टायर रिमवरून निसटण्याची भीती असे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यभागी खोलगट असलेल्या रिमा आणि तारेच्या बीडचे टायर रूढ झाले, आणि आजचा टायर अजूनही त्याच तत्त्वावर रिमवर बसतो. या संक्रमणाच्या काळात टायरवर रिमचा व्यास न लिहिता टायरचा बाहेरचा पूर्ण व्यास लिहिण्याची रीत होती. एखाद्या जुन्या पुस्तिकेत ‘२६ × ३.२५’ असे माप दिसले की अननुभवी माणूस २६ इंची रिम शोधू लागतो. प्रत्यक्षात १९ इंची रिमच्या वर आणि खाली सव्वातीन-सव्वातीन इंचांचे रबर धरले, तर साडेपंचवीस होतात, त्यांनाच ठोकळमानाने २६ म्हटले जाई, आणि हा टायर म्हणजे ओळखीचा ३.२५-१९ च असतो. जुन्या गाडीसाठी टायर शोधणाऱ्याला असे हिशेब करण्याची सवय लागते, आणि हळूहळू त्याच्या लक्षात येते की समोरचे लोखंड तेच राहिले तरी त्याची गणना करणारी जगाची रीत मात्र बदलत गेली आहे.

लोखंडाला तेल लावून ठेवता येते, रंग जपता येतो, चामड्याला मऊपणा देता येतो; पण रबराच्या वार्धक्यावर औषध नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून जी क्रिया शोधली, तिला व्हल्कनीकरण म्हणतात. तिच्यामुळे रबराच्या लांबलांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात आणि चिकट, उन्हात वितळणारा चीक लवचिक आणि टिकाऊ होतो. पुढे हवेतला ऑक्सिजन या रेणूंवर सावकाश काम करीत राहतो आणि वर्षे लोटतात तसे रबर कडक होत जाते. ओझोन वायू त्याहून आक्रमक असतो. ताणाखाली असलेल्या पृष्ठभागावरचे रेणू तो तोडतो आणि त्यातूनच बाजूच्या भिंतीवरच्या त्या बारीक भेगा जन्माला येतात. याला उतारा म्हणून टायरच्या मिश्रणात मेणासारखी द्रव्ये घातलेली असतात, जी हळूहळू पृष्ठभागावर येऊन एक पातळ आवरण धरतात. मात्र ती वर यावीत यासाठी टायर वळत, दबत, फिरत राहावा लागतो. उपसा नसलेल्या विहिरीचे पाणी जसे बिघडते, तसा न चालवलेला टायर उभ्या उभ्याच म्हातारा होतो. शिवाय नायलॉन दोऱ्यांच्या टायरवर गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली, तर जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि पुढे चाक फिरताना तो चपटेपणा हँडलपर्यंत जाणवतो. जपणूक म्हणजे वापर टाळणे, अशी अनेक संग्राहकांची सहजप्रवृत्ती असते. टायरच्या बाबतीत ती प्रवृत्तीच घातक ठरते.

म्हणूनच टायरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या एका आकड्याला जुन्या गाडीच्या जगात फार महत्त्व आहे. २००० सालापासून टायरवर निर्मितीचा काळ चार अंकांत लिहिला जातो. पहिले दोन अंक वर्षातला आठवडा आणि नंतरचे दोन अंक वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात साच्यातून बाहेर पडला. त्याआधीच्या टायरवर हा संकेत तीन अंकी असे. जुन्या दुकानाच्या माळ्यावर कधीकधी असा एखादा टायर सापडतो, ज्याच्या नक्षीची एकही कड झिजलेली नसते, ज्याच्यावर साच्यातल्या रबराचे बारीक केस अजून तसेच असतात, आणि ज्याच्यावरची कंपनीची मुद्रा आज कोणत्याच नव्या टायरवर दिसत नाही. अशा वेळी मन मोहात पडते. हेच माप, हीच नक्षी, हाच काळ, असे सारे जुळून आलेले असते. तरीही त्यावर अंगठा दाबला असता रबर दबत नाही, नख रुतत नाही, आणि भिंत किंचित वाकवताच आतल्या भेगा उघडतात. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, तो बदलण्याचा सल्ला देतात. मग असा टायर प्रदर्शनातल्या गाडीवर शोभतो, घाटातल्या वळणावर मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही. जुन्या मोटारसायकलीचे बाकी सगळे जितके जुने तितके मोलाचे असते, टायर मात्र जितका नवा तितका मोलाचा. एकाच वाहनात काळाची ही दोन परस्परविरोधी मोजमापे शेजारी शेजारी नांदत असतात.

टायरच्या मापामुळे गाड्यांमध्ये जी नाती जुळतात ती कोणत्याही वंशावळीत नोंदलेली नसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वापरलेल्या बीएसए एम२०, नॉर्टन १६एच आणि मॅचलेस जी३एल या गाड्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कारखान्यांतून आल्या होत्या, त्यांची इंजिने वेगळी होती, त्यांचे पुढचे फोर्क वेगळे होते, पण तिघींच्याही चाकांचे माप ३.२५-१९ होते. युद्ध संपल्यावर अशा गाड्या लष्करी शिल्लक म्हणून भारतातही लोकांच्या हाती आल्या. पुढे १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि तिथे बनू लागलेल्या बुलेटचे माप तेच होते. इंग्लंडमधली मूळ रॉयल एनफील्ड कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासमधल्या बुलेटची चाके अर्धशतकाहून अधिक काळ तीच राहिली. आणि बुलेट रोज हजारो लोकांना दूध, टपाल, पोलीस ठाणे, शेत यांच्या कामाला नेत होती म्हणून तिचे टायर देशभर मिळत राहिले. त्या टायरांनी नकळत त्या युद्धकालीन गाड्यांनाही तारले. एखादी नॉर्टन आज सातारा किंवा अकोला रस्त्याने धावताना दिसते, तेव्हा तिच्या मालकाच्या निष्ठेला द्यावे तितके श्रेय कमीच. पण त्या निष्ठेच्या तळाशी मद्रासच्या एका सामान्य, स्वस्त, रोजच्या कामाच्या गाडीचे दीर्घायुष्यही आहे. दुर्मीळ वस्तू टिकते ती पुष्कळदा स्वतःच्या दुर्मीळपणामुळे टिकत नाही. तिचे माप कुठल्यातरी सर्वसाधारण वस्तूशी जुळते म्हणून ती टिकते.

मद्रासच्या उत्तरेकडील तिरुवोट्टियूर भागात एनफील्डचा कारखाना होता, आणि त्याच भागात एमआरएफचाही. के. एम. मम्मन मापिल्लई यांनी १९४६ मध्ये मद्रासमध्ये मुलांचे खेळण्याचे फुगे बनवण्यापासून ज्या उद्योगाची सुरुवात केली होती, त्यातूनच १९६० च्या दशकाच्या आरंभी टायरचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रातही सिएटने भांडुपला आणि पुढे नाशिकला टायर बनवले. इटलीतल्या तोरिनो येथे १९२४ मध्ये जन्मलेल्या या कंपनीचे भारतातले आयुष्य तिच्या मायदेशातल्या आयुष्यापेक्षा लांब ठरले. म्हैसूरची कथा अधिक हळवी आहे. त्या शहरात आयडियल जावा हा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभापासून झेक मोटारसायकलीच्या आराखड्यावर जावा आणि १९७३ पासून येझदी बनवीत होता, आणि त्याच शहरात फाल्कन टायर्स हा दुचाकींच्या टायरांचा कारखानाही होता. आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली आणि पुढे फाल्कनचीही चाके थांबली. बंगालमधल्या साहागंज येथे १९३६ मध्ये सुरू झालेला डनलॉपचा कारखाना, ज्याच्या नावाने टायर ओळखले जात, तोही आता दीर्घकाळ कुलूपबंद आहे. गाडी आणि तिचे रबर यांचे आयुष्य अशा रीतीने एकमेकांत गुंतलेले असते, मात्र दोघांचा अंत एकाच वेळी होत नाही; गाडी मागे उरते आणि तिच्यासाठी रबर शोधणारा माणूस उरतो.

जुन्या जावा २५० ची चाके १६ इंची असून तिला ३.२५-१६ मापाचा टायर लागतो. छोट्या, भरीव दिसणाऱ्या या चाकांमुळेच तिला तो खाली बसलेला, गोंडस आकार मिळाला आहे, आणि त्याच चाकांमुळे तिच्या मालकाची वाट अवघड झाली आहे, कारण रस्त्यावरच्या रोजच्या मोटारसायकलींपैकी फार थोड्या या मापाच्या निघाल्या. याउलट १९८० च्या दशकात एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने बनवलेली राजदूत ३५० ही १८ इंची चाकांची होती, आणि १८ इंच हे तर भारतातल्या शंभर सीसीच्या असंख्य गाड्यांचे माप. तिचा पुढचा टायर ३.००-१८, मागचा ३.५०-१८. ती सुखी असेल असे वाटते, पण तिथे दुसरीच अडचण उभी राहते. टायरवर मापाशेजारी आणखी दोन खुणा असतात: एक भारांक, म्हणजे तो टायर किती वजन पेलू शकतो याचा संकेत, ज्यात ५४ म्हणजे २१२ किलो; आणि दुसरे वेगाक्षर, ज्यात ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘पी’ म्हणजे १५० आणि ‘एस’ म्हणजे १८०. कामावर जाण्यायेण्याच्या साध्या गाडीसाठी बनलेला टायर राजदूत ३५० च्या रिमवर व्यवस्थित चढतो, पण त्या गाडीचे दोन सिलिंडर एकदम जागे झाल्यावर जो जोर येतो तो पेलण्यासाठी तो घडवलेला नसतो. मापात बसणे आणि कामाला पुरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जाणता माणूस दोन्ही तपासल्याशिवाय पैसे काढत नाही.

नव्या टायरांची मापे आता मिलिमीटरमध्ये लिहिली जातात. ‘९०/९०-१९’ याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर, आणि रिम मात्र अजूनही इंचांतच, १९. इंच आणि मिलिमीटर यांची सांगड घालणारे तक्ते मिळतात, आणि त्यांत सव्वातीन इंचांच्या शेजारी बहुधा हेच माप दिलेले असते. कागदावर फरक नगण्य वाटतो. तरी प्रत्यक्षात टायर चढवल्यावर चेनकव्हर आणि टायर यांच्यामध्ये बोट जाते की नाही, पुढचा मडगार्ड घासतो का, स्टँडवर घेतल्यावर मागचे चाक जमिनीपासून उचलले जाते का, हे सारे पाहावे लागते. जुन्या बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो. चाकाचा घेर वाढला वा घटला की काटा तितकाच खोटे बोलू लागतो. आणि यापलीकडे स्वभावाचाही एक फरक असतो. जुन्या गाड्यांच्या पुढच्या टायरवर घेराच्या दिशेने सरळ पट्ट्या असत, कारण पुढच्या चाकाने दिशा धरायची असते, आणि मागच्या टायरवर ठोकळ्यांची नक्षी असे, कारण त्याने जमीन धरून गाडी ढकलायची असते. या कामाच्या वाटणीतून त्या गाडीचे रूपही घडलेले असते. दोन्हीकडे एकच आधुनिक नक्षी चढवली तर गाडी चालते, सुरक्षितही असते, पण तिला बाजूने पाहताना डोळ्याला काहीतरी अडते, आणि ते काय आहे हे समजायला पुष्कळांना वेळ लागतो.

टायर शोधण्याची वाट पुण्यात बहुधा नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांवरून जाते, दिल्लीत ती करोल बागेतून जाते, आणि कित्येकदा एखाद्या तालुक्याच्या गावी, जिथे गेल्या पिढीत एकाच माणसाचे टायरचे दुकान होते, तिथे ती संपते. परदेशातला दरवाजाही आहे: झेक प्रजासत्ताकातील मितास आणि जर्मनीतील हायडेनाऊ या कंपन्या जुन्या मापांचे टायर आजही बनवतात, आणि अमेरिकेतल्या चॅटनूगा येथील कोकर टायर ही कंपनी तर जुन्या गाड्यांच्या टायरांसाठीच ओळखली जाते. मात्र भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारसायकलींच्या टायरांसह अनेक प्रकारच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत घातल्यापासून तो दरवाजा अरुंद झाला आहे. त्यामुळे देशी कारखाना कोणते माप काढतो, याला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. दुकानदाराच्या काउंटरवर ‘ते माप आता येत नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्यात तुच्छता नसते. एखाद्या ओळखीच्या माणसाचे येणेजाणे थांबल्याची खबर द्यावी तितकाच तो स्वर असतो.

टायर मिळाल्यानंतरचे काम मात्र हातांचे आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. जाणता कारागीर आधी चाक स्टँडवर फिरवून रिमचा आऊट काढतो, म्हणजे आऱ्या कमीजास्त आवळून तिचा डुगडुगेपणा घालवतो; मग रिमच्या आतला गंज खरवडून, आऱ्यांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून त्यांच्यावर रबरी पट्टी बसवतो. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळली जाते, तिच्यात किंचित हवा भरून तिला गोल आकार दिला जातो, आणि टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावले जाते. टायरवरच्या बाणाची दिशा पाहिली जाते. कित्येक टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी बाण उलटसुलट असतात, कारण पुढच्या टायरवर ब्रेकचा जोर येतो आणि मागच्यावर इंजिनाचा. शेवटची कड चढवताना नवखा माणूस लिव्हरवर सगळा भार टाकतो. जाणता माणूस समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवतो, आणि तिथे मिळालेल्या चार-दोन मिलिमीटरांच्या सैलपणाच्या बळावर अलीकडची कड जवळजवळ हातानेच आत सरकते. ताणले न जाणारे कडे आपल्याहून मोठ्या काठावरून कसे उतरते, याचे उत्तर जोरात नसून रिमच्या आकारात आहे. मग हवा भरताना बीड आपल्या जागी बसल्याचा टणत्कार दोनदा होतो, आणि कारागीर चाक फिरवून, टायरच्या कडेशी असलेली बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर आहे ना, हे पाहतो. त्या रेघेकडे पाहणाऱ्या डोळ्यांत जी एकाग्रता असते ती शिकवून येत नाही. वर्षानुवर्षे चाके पाहून ती येते.

या रबराचा उगम झाडात आहे, ही गोष्ट टायरच्या काळेपणाने झाकून टाकली आहे. ब्राझीलच्या जंगलातले हेविया हे झाड १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने नेलेल्या बियांतून लंडनच्या क्यू उद्यानामार्गे आशियात आले, आणि आज केरळातल्या कोट्टायमच्या परिसरात पहाटे खोडावर तिरकी चीर देऊन खाली वाटी बांधणाऱ्या माणसांचा तो रोजगार आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यातही केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा लावल्या आहेत, आणि तिथल्या डोंगरउतारांवर काजूच्या शेजारी ही उंच, सरळ झाडे आता परकी वाटत नाहीत. सुरुवातीचे टायर फिकट, जवळजवळ पांढरट रंगाचे असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी अधिक झीज सोसते हे कळले, आणि तेव्हापासून चाके काळी झाली. म्हणजे ज्याला टायरचा मूळ रंग समजले जाते तोही एका बदलानंतरचा आहे. जुन्या गाडीला ‘मूळ’ टायरच हवा, असा आग्रह धरणाऱ्याने हे ध्यानात घेण्यासारखे आहे की टायरचा इतिहास हाच मुळात सतत बदलण्याचा इतिहास आहे.

तरीही तो आग्रह पोकळ नाही. ‘टीटी१००’ हा डनलॉपचा टायर घेतला तर त्याच्या नावामागे १९६९ सालची आयल ऑफ मॅन बेटावरची शर्यत आहे, जिच्यात माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर त्या मालिकेतल्या टायरांनिशी उत्पादित मोटारसायकलींच्या गटात ताशी १०० मैल सरासरीची पहिली फेरी पुरी केली. त्या नक्षीत त्या दिवसाची गती साठवलेली आहे, आणि त्या काळच्या ट्रायम्फवर तीच नक्षी असावी असे एखाद्याला वाटणे हे इतिहासावरचे प्रेम आहे. पण ती नक्षी आज डोळ्यांसमोर येते ती त्या वर्षीच्या रबरातून येत नाही. त्या वर्षीचे रबर केव्हाच झिजून गेले किंवा तडकून फेकले गेले. ती येते साच्यातून. साचा म्हणजे धातूची ती गोल पोकळी, जिच्यात कच्चा टायर दाबून वाफेने शिजवला जातो आणि जिच्या आतल्या भिंतीवर प्रत्येक खोबण, प्रत्येक अक्षर उलटे कोरलेले असते. टायरच्या बाबतीत जे टिकते ते वस्तूत नसून वस्तूच्या उलट्या प्रतिमेत असते. म्हणून एखादा कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रांपेक्षाही साच्यांचे काय झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातील मेल्कशॅम येथे शतकाहून अधिक काळ चाललेले एव्हनचे टायर-उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले, तेव्हा जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या मालकांना वाटलेली काळजी याच प्रश्नाची होती. साचा दुसऱ्या देशात हलवता येतो, दुसऱ्या नावाने चालवता येतो. वितळवलाही जाऊ शकतो.

वारसा जपणे म्हणजे जुनी वस्तू बदल न होऊ देता ठेवणे, अशी कल्पना सर्वत्र रुजलेली आहे, आणि चित्र, नाणे, ताम्रपट यांच्या बाबतीत ती योग्यही आहे. चालणाऱ्या यंत्राला ती पुरत नाही. मोटारसायकलीचे रस्त्याशी नाते तळहाताएवढ्या दोन ठिकाणी जुळते, आणि त्या दोन्ही ठिकाणी तिला दर काही वर्षांनी वर्तमानकाळाकडे हात पसरावा लागतो. ज्या गाडीला हे जमते ती चालती राहते; जिला जमत नाही ती ठोकळ्यांवर चढवली जाते आणि तिचे रूपांतर शोभेच्या वस्तूत होते. तिच्या मालकाच्या ठायी कितीही आस्था असली तरी त्याला एकट्याला हे साधत नाही. त्याला साचा सांभाळणारा कारखाना हवा असतो, चीक गोळा करणारा माणूस हवा असतो, माळ्यावर शोधून पाहणारा दुकानदार हवा असतो, आणि त्याच मापाची एखादी सर्वसामान्य नवी गाडी रस्त्यावर हवी असते. रॉयल एनफील्डच्या आजच्या कित्येक गाड्यांचे मागचे चाक १८ इंची झाले असले, तरी पुढचे अजून १९ इंचीच आहे, आणि त्यामुळे त्या मापाला काही काळ तरी सोबत आहे.

आज शहरांतल्या बहुसंख्य मोटारसायकली १७ आणि १८ इंची चाकांवर धावतात, ट्यूबलेस टायर वापरतात, आणि त्यांच्या मापाची चिंता करण्याचे कोणालाच कारण पडत नाही. पंक्चरच्या प्रत्येक दुकानाबाहेर ते टायर टांगलेले असतात. बुलेटच्या टायरबद्दलही एकेकाळी असेच होते. यांतल्या कोणत्या गाडीवर पुढच्या पिढीतल्या एखाद्या माणसाचा जीव जडेल, ती कोणत्या गोदामात सापडेल आणि तिच्या टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचून तो कोणत्या शहराकडे निघेल, हे आज ते टायर विकणाऱ्याला ठाऊक नाही आणि विकत घेणाऱ्यालाही नाही. एवढे मात्र खरे की त्या शोधाचा निकाल तो माणूस निघण्यापूर्वीच बराचसा लागलेला असेल, आणि तो लावणाऱ्यांत आज कोणते माप काढायचे आणि कोणते थांबवायचे हे ठरवणारी माणसे असतील; त्यांच्या हिशेबाच्या वहीत या अनोळखी माणसासाठी एखादा रकाना ठेवता येईल का, हा प्रश्न विचारून ठेवणे तेवढे आजच्या हातात आहे.